डोंगर वाढला

एका राज्यात, आश्विनातल्या एका सोमवारी, सकाळचा पहिला प्रहर सरत असताना सैंधवाचा डोंगर बंद झाला. आभाळ निरभ्र होते. वारा पडला होता. भूकंप झाला नाही, वीज कोसळली नाही. ज्या तोंडातून दोन हत्ती शेजारी शेजारी आत जात, ते खाणीचे तोंड माणसाने ओठ मिटावेत तसे मिटले. आत युवराज चित्रकेतू होता आणि त्याच्याबरोबर बावीस खाणकरी होते.

दुपारी राजवाड्याची दवंडी फिरली. डोंगराने आज विश्रांती घेतली आहे, प्रजेने चिंता करू नये, असे तिच्यात म्हटले होते. युवराजाचे नाव तिच्यात नव्हते. खाणकऱ्यांना नावे असतात, हे तर राजवाड्याला ठाऊकच नव्हते.

युवराजाची बहीण कौमुदी अनवाणी डोंगराकडे धावली. मिटलेल्या दगडी ओठांत एका जागी हात जाईल एवढी फट राहिली होती. त्या डोंगरातल्या सैंधवाला आतून गुलाबी उजेड असे. त्या उजेडात तिला भाऊ दिसला. तो उभा होता, आणि पायांपासून केसांपर्यंत मिठाचा झाला होता. मागे बावीस जण तसेच उभे; कोणाच्या खांद्यावर पहार, कोणाच्या डोक्यावर पाटी. युवराजाचा उजवा हात काही सांगण्यासाठी वर उचललेला होता, आणि छतातून झिरपणारे पाणी थेंब थेंब त्या हाताच्या करंगळीवर पडत होते. करंगळीचे नख विरघळून गेले होते.

मिठाच्या माणसाला पाणी म्हणजे काळ. हे तिला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

आता हे घडले कसे ते ऐका, आणि ऐकून राग आला तर तो गिळू नका.

ते राज्य डोंगराच्या जिवावर जगत होते. डोंगरातून सैंधव निघे, गोण्या भरून दाही दिशांना जाई, आणि बदल्यात जे हवे ते येई. प्रधान कुशलदत्त परदेशी पाहुण्यांना छाती फुगवून सांगत, "आमच्या दहा घासांतले नऊ घास डोंगर भरवतो." पाहुणे माना डोलावत आणि गोण्या घेऊन जात. नऊ घास भरवणारा उद्या उठून गेला तर काय, हे कोणी विचारले नाही. खणून काढलेल्या सैंधवाला तिथे 'पीक' म्हणत. शेतातले पीक कापले तर पुढल्या वर्षी पुन्हा उगवते. डोंगर कापला तर उगवत नाही. पण शब्द एकच असल्यामुळे दरबाराला वाटे, गोष्टही एकच आहे.

दुसरे असे, की त्या राज्यात 'संपले' हा शब्द नव्हता.

कौमुदीच्या पणजोबांना डोंगरात सैंधव सापडले, त्या आनंदात त्यांनी मोठे भोजन घातले. पंगत बसली असताना एक वाढपी ओरडला, "मीठ संपलं." भर मंगलप्रसंगी असले अभद्र ऐकून पणजोबांचा चेहरा काळा पडला. त्यांनी कालभोज नावाच्या मांत्रिकाला बोलावले आणि आज्ञा केली की हा शब्द माझ्या राज्यातून काढून टाक. मांत्रिकाने घरोघरी जाऊन लोकांच्या जिभांवरून तो शब्द वेचून घेतला आणि एका टिटवीच्या गळ्यात ठेवला. जाताना तो म्हणाला, "राजा, मी शब्द नेला, गोष्ट नेली नाही. ज्या दिवशी ती गोष्ट घडलेली तुझ्या वंशातल्या कोणाला दिसेल आणि त्याला सांगता येणार नाही, त्या दिवशी डोंगर आत असतील त्यांना धरून ठेवील. भर दरबारात तो शब्द उच्चारला जाईल तेव्हाच सोडील." पणजोबांनी त्याला शालजोडी दिली. म्हणणे ऐकले नाही.

तेव्हापासून तिथे सगळे वाढू लागले. कुंकू वाढते, बांगडी वाढते, हे आपल्याकडेही म्हणतात. पण आपल्याला दुसरा शब्दही ठाऊक असतो. त्यांना तो नव्हता. तेल वाढले की घरधनीण गड्याला दुकानात धाडी. मीठ वाढले की वाटी शेजारी जाई. घराघरात त्याचा अर्थ चोख कळे.

गेल्या चैत्रात खाणनाईक वाघोजी दरबारात आला. गुडघे टेकून म्हणाला, "महाराज, डोंगर वाढला."

दरबाराने टाळ्या वाजवल्या. हत्तीवरून साखर वाटली गेली. वाघोजी आ वासून बघत राहिला. वैशाखात तो पुन्हा आला आणि पुन्हा तेच म्हणाला, कारण म्हणायला दुसरे काही नव्हते. त्याला पागोटे मिळाले. ज्येष्ठात तो रडत रडत म्हणाला. ते आनंदाश्रू आहेत असे ठरवून त्याच्या हातात सोन्याचे कडे घालण्यात आले. ज्यांच्या घरी त्याच सकाळी तेल वाढले होते, ज्यांनी स्वतः गड्याला दुकानात पिटाळले होते, तेच दरबारी टाळ्या वाजवत होते. घरात कळणारा शब्द दरबाराचा उंबरठा ओलांडताच कळेनासा होतो, ही जादू कालभोजाची नव्हती. ती त्यांची स्वतःची होती.

शेवटी वाघोजीने युवराजाला गाठले. सांगता येत नाही, दाखवतो, एवढेच म्हणाला. युवराज गेला. त्याने डोंगर आतून पाहिला. जे दिसले ते बोलण्यासाठी त्याने हात उचलला, जिभेवर शब्द आला नाही, आणि डोंगर मिटला.

कौमुदी दरबारात आली. महाराज पृथुसेन सिंहासनावर होते, प्रधान शेजारी उभे होते.

"आबासाहेब, डोंगर फोडा. दादा आत आहे."

महाराजांनी प्रधानांकडे पाहिले. प्रधान म्हणाले की फोडता येईल, परंतु खाण बंद पडल्याची वार्ता बाहेर गेली तर सैंधवाचा मान उतरेल. थोडा धीर धरावा.

"दादाची करंगळी विरघळते आहे."

"राजकन्ये," प्रधान म्हणाले, "युवराजांना नऊ बोटे उरतील."

हे वाक्य भर दरबारात, दिवसाउजेडी उच्चारले गेले. ऐकणारे शंभरावर होते. पुढे विचारले तेव्हा त्यांतल्या एकालाही ते आठवले नाही. महाराज रडले. रडण्यापलीकडे काही केले नाही.

तेव्हा लहानपणी ऐकलेली कालभोजाची गोष्ट आठवून कौमुदी टिटवीच्या शोधात निघाली. राज्यात टिटवी दिसली की लोक दगड मारीत, म्हणून ती वेशीबाहेर खडकाळ माळावर राहत होती. कौमुदी पोचली तेव्हा ती पाठीवर पडून, दोन्ही पाय आभाळाला लावून पहुडली होती.

"पाय खाली घे, टिटवे. आभाळ पडत नाही."

"आभाळाचं मी बघते. तुमचा डोंगर पोकळ होत होता तेव्हा पाय कोणी लावले होते?"

"माझ्या भावासाठी शब्द दे."

"तुझ्या पणजोबांचं अभद्र मी शंभर वर्षं गळ्यात धरून बसले आहे," टिटवी म्हणाली. "दगड मी खाल्ले, साखर तुम्ही. फुकट देणार नाही. तीन कामं कर. पहिलं काम. डोंगराचा ज्यात कणभरही वाटा नाही, असं एक ताट मला वाढून आण."

हे सोपे वाटून कौमुदी मुदपाकखान्यात गेली. आचाऱ्याला वाटले राजकन्या थट्टा करते आहे. तांदूळ पूर्वेकडून येतात, तो म्हणाला, सैंधव देऊन. तूप उत्तरेकडून, सैंधव देऊन. डाळ, गूळ, हळद, सरपण, सगळे सैंधव देऊन. केळीचे पान तरी? तेही. इथल्या मातीत केळ लावून किती पिढ्या झाल्या, हे त्याला सांगता येईना.

"पाणी तरी आपले आहे ना?" तिने विचारले.

आचारी हसायचा थांबला. खाणीच्या खारट ओघळांनी राजधानीच्या विहिरी कधीच्याच मचूळ झाल्या होत्या. पिण्याचे पाणी शेजारच्या राज्यातल्या नदीवरून, बैलांच्या पाठीवर पखालींतून येत होते. सैंधव देऊन. कौमुदी जन्मापासून ते पाणी पीत होती आणि तिला हे आज कळले. प्रधान पाहुण्यांना जे सांगत तेही खोटे होते. दहा घासांतले नऊ नव्हेत. दहाच्या दहा घास, आणि वरचा पाण्याचा घोट.

ती रस्त्यात भेटेल त्याला विचारत सुटली, आणि शेवटी पश्चिमेच्या वेशीबाहेर, उतारावर, तान्हाईच्या खोपटाशी येऊन थांबली. तान्हाईला लोक अळणी म्हातारी म्हणत. तिने डोंगराचे मीठ सोडले होते, चार हात जमिनीत नाचणी आणि घेवडा लावी, पावसाचे पाणी रांजणात साठवी. शहाण्यांच्या राज्यात ती एकटी वेडी होती.

"राजाची लेक माझ्या दारी भाकरी मागायला," तान्हाई म्हणाली. "बरं दिवस आलं म्हणायचं माझं. बस की पोरी. उभ्यानं का खायची?"

"माझ्यासाठी नको, आजी. टिटवीसाठी हवी."

"म्हणजे राजाच्या घरी आता पाखरं जेवतात नि माणसं उपाशी. घे. दोन घे. एक तुझी."

भाकरी अळणी होती. कौमुदीने पहिला घास घेतला आणि तिला नाचणीची चव लागली, जी तिला आजवर ठाऊक नव्हती. मग भाकरी आणि घेवड्याचे ताट घेऊन ती माळावर गेली. टिटवीने घेवड्याचा दाणा न् दाणा टिपून खाल्ला.

"दुसरं काम. या राज्याच्या नांगरानं या राज्याच्या जमिनीत एक तास काढ. नांगराची एकच रेघ, पण या बांधापासून त्या बांधापर्यंत."

त्या राज्यात नांगर होता. एकच होता, आणि तो देवळात होता. सैंधव सापडल्यावर शेवटचा नांगर लोकांनी देव्हाऱ्यात बसवला, त्याला शेंदूर फासला आणि दर अमावास्येला नारळ फोडू लागले. नारळ अर्थातच दक्षिणेकडून येत.

पुजारी आडवा पडला. देव शेतात राबत नसतात, असे त्याचे म्हणणे होते.

"मग देव झाले कशाने?" कौमुदीने विचारले, आणि नांगराला हात घातला.

तो कागदासारखा हलका लागला. उचलताच शेंदराचे पापुद्रे गळाले, आत चिमूटभर भुसा निघाला, आणि बाकी काही निघाले नाही. लाकूड किड्यांनी केव्हाच फस्त केले होते. शंभर वर्षे सारे राज्य शेंदराच्या पोकळ कवचापुढे माथा टेकत होते. पुजाऱ्याने ते कवच आधी पाहिले असले पाहिजे. शेंदूर तोच लावीत होता.

कौमुदी डोंगराच्या मिटलेल्या तोंडापाशी आली. तिथे खाणकऱ्यांच्या बायका बसल्या होत्या. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते आणि त्या उठल्याही नव्हत्या. फटीतून आत पाहिले तर युवराजाची करंगळी नव्हती. पाणी आता दुसऱ्या बोटावर पडत होते, आणि एक नवी धार वाघोजीच्या खांद्यावर. वाघोजीची बायको भागू फटीत पदराचा बोळा कोंबून धार अडवायला बघत होती.

कौमुदीने तिला नांगराचे सांगितले.

"नांगर नाही आमच्याकडं, बाईसाहेब," भागू म्हणाली. "पहारी हाईत. त्या तुमच्या देवापरीस जड हाईत."

लोहाराने दोन पहारी तापवून फाळ केला. बाभळीचा दांडा बसवला. बैल पाण्याच्या पखाली आणायला गेले होते, म्हणून जोखडाला बायका लागल्या आणि त्यांच्यात राजकन्या लागली. नांगराची मूठ, म्हणजे रुमणे, बोलावून आणलेल्या तान्हाईने धरले आणि ती मागून एकेकीचा उद्धार करीत राहिली. राजकन्येला तिने दोनदा रेडकू म्हटले. जमीन दगडासारखी झाली होती. तास वाकडा निघाला, मध्ये दोन ठिकाणी तुटता तुटता राहिला, पण बांधापासून बांधापर्यंत गेला.

टिटवी तासातून चालत गेली आणि तिने उकरलेल्या मातीत चोच खुपसून पाहिली.

"तिसरं काम. शब्द मी तुझ्या जिभेवर ठेवते. तो भर दरबारात उच्चार. पण ध्यानात ठेव, तिथल्या प्रत्येकानं तो ऐकला पाहिजे. एकानं जरी कान झाकले तरी शब्द माझ्याकडं परत येईल आणि पुन्हा मिळणार नाही."

कौमुदी वाटेने विचार करीत आली. त्या दरबाराला ती ओळखत होती. नको ते ऐकू येण्याच्या आधी कान झाकायची त्याची कला पिढीजात होती. ते काम हातांचे होते. म्हणून आधी हात गुंतवायला हवे होते.

दुसऱ्या सकाळी तिने निरोप धाडला की राजकन्या डोंगरावरून आली आहे आणि तिला शुभवार्ता सांगायची आहे. दरबार खचाखच भरला. तिने मुजरा केला आणि ती म्हणाली, "डोंगर वाढला आहे. मी स्वतः पाहून आले. साखर वाटा."

प्रधान प्रसन्न झाले. राजकन्या शहाण्या झाल्या, असे ते शेजारच्याच्या कानात म्हणाले, पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात. सेवक परात घेऊन फिरले. शुभवार्तेची साखर दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची आणि एक दाणाही खाली सांडू द्यायचा नाही, अशी तिथली रीत होती. सांडली तर वर्षभर अपशकुन. महाराजांनी ओंजळ केली. सरदारांनी केली, पुजाऱ्याने केली. सर्वांत मोठी ओंजळ प्रधानांची होती, आणि ती काठोकाठ भरून घेण्यात आली.

तेव्हा कौमुदी म्हणाली, "डोंगर संपला."

हात कानांकडे जायला निघाले आणि साखरेपाशी अडले. शंभरावर माणसे ओंजळी पुढे धरून उभी राहिली आणि तो शब्द त्यांच्या कानांतून आत जात राहिला. कोणी डोळे मिटले. त्याचा उपयोग नव्हता.

"काय संपला म्हणालीस?" महाराजांनी विचारले. ते जीभ चाचपडत बोलत होते, जसे लहान मूल नवा शब्द बोलते.

"डोंगर, आबासाहेब. आतून संपला. उभी दिसते ती साल आहे. तेच पाहायला दादा आत गेला होता. वाघोजी तीन वेळा येऊन हेच सांगत होता. तुम्ही त्याला कडे दिले."

महाराजांनी ओंजळ उघडली. साखर सिंहासनाच्या पायरीवर सांडली.

"संपला," ते म्हणाले.

खिडकीतून टिटवी ओरडत गेली. तिच्या आवाजात आता नुसती टिटवी होती. त्याच क्षणी डोंगराने तोंड उघडले. युवराज बाहेर आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला तीन बोटे होती. मागून बावीस जण आले, मीठ झटकत, खोकत. भागूने वाघोजीला आधी एक धपाटा घातला, मग त्याच्या गळ्यात पडली. त्याच्या खांद्याला कायमचा खळगा पडला होता.

शब्द परत आल्यावर राज्यभर दिवसभर दुसरे काही ऐकू आले नाही. आचारी कोठारातून ओरडला की तांदूळ संपत आले आहेत. एका सरदाराची बायको नवऱ्याला म्हणाली की तिचा धीर संपला, आणि तो प्रथमच घाबरला. प्रधान सभेपुढे उभे राहून म्हणू लागले की एकंदर परिस्थितीत वाढ... आणि त्यांची जीभ तिथे टाळ्याला चिकटली. महाराज म्हणाले, "कुशलदत्त, तुमचे प्रधानपद संपले." हे त्यांना लगेच कळले.

मग राज्याची घडी बसली. सालीत उरलेल्या सैंधवाला 'पीक' म्हणण्यास मनाई झाली. त्याला 'ठेव' म्हणायचे ठरले. ठेवीतून जे काढायचे त्याचा अर्धा भाग विहिरी गोड करण्यात, जमिनीत आणि हातमागांवर घालायचा, अशी आज्ञा झाली. देवळातला शेंदूर काढून टाकला आणि देव्हाऱ्यात काहीच ठेवले नाही. लोक नांगर घरी ठेवू लागले. तान्हाईला मानाचे पागोटे देऊ केले तेव्हा तिने ते बांधावर बुजगावण्याला घातले. काही वर्षांनी युवराज राजा झाला, आणि परदेशी पाहुण्यांनी विचारले तर तो आपला तीन बोटांचा हात वर करून सांगे की दहा घासांतले एवढे घास डोंगराचे, बाकीचे आमचे.

एवढ्यावर थांबता आले असते. कारभाऱ्यांचे म्हणणेही तेच होते की एवढ्यावर थांबावे.

पण डोंगर उघडला त्या दिवशी हादऱ्याने आणखी एक गोष्ट उघडी पडली. मोठ्या तोंडाच्या डाव्या अंगाला एक भिंत फुटली. तिथे भिंत आहे हे वाघोजीलाही माहीत नव्हते, इतकी ती डोंगराच्या रंगात बेमालूम मिसळलेली होती. मागे जुनी, अरुंद खाण होती. तिच्यात माणसे बसलेली होती. पांढरी, कोरडी, एकमेकांना टेकून. चाळीस तरी असतील.

कौमुदीने त्यांच्यापुढे उभे राहून शब्द उच्चारला. ती हलली नाहीत. तिने पुन्हा उच्चारला. मग तिने टिटवीला हाक मारली. टिटवी आली, आत फिरून आली. या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"शापानं तेवीस धरले होते, तेवीस सोडले," ती म्हणाली. "ही माणसं शापातली नव्हेत. ही मिठाची झालेली नाहीत. मिठात राहिलेली आहेत."

महाराज पृथुसेनांना पालखीतून तिथे आणले. मग त्यांना आठवले की ते लहान असताना, त्यांच्या वडिलांच्या राज्यात, एकदा दवंडी फिरली होती. खाणीत माणसे वाढली, अशी ती दवंडी होती. नगराने त्या दिवशी आनंदाने दिवे लावले होते. त्यांतला एक दिवा त्यांनी स्वतःच्या हाताने लावला होता. दवंडी कोणी पिटवली, ते त्यांना आठवत नव्हते. कोणालाच आठवत नव्हते.

वाघोजीने भिंतीचा एकेक दगड उचलून पाहिला. आतल्या अंगाला पहारींचे घाव होते. चुना बाहेरच्या अंगाने भरलेला होता.

तो चुना कोणाच्या आज्ञेने कालवला गेला, हे त्या राज्यात आजतागायत कोणी सांगितलेले नाही.